घरचे आणि दारचे : पूर्व लंडनमधील धर्ममंडळ्या आणि निर्वासित

“घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे” ही म्हण आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेली असते. कोठारात दाणा नाही आणि दावणीला पाहुण्याचे जनावर येऊन उभे राहिले आहे. अशा वेळी यजमानाने करावे तरी काय? म्हणीत कडवटपणा आहे, पण तो खोटा नाही. ज्याच्या घरी खरोखर थोडे असते त्याच्याच तोंडी ही म्हण येते. भरल्या घरच्या माणसाला ती सुचत नाही.

हाच कडवटपणा देवळाच्या, चर्चच्या, मशिदीच्या किंवा सिनॅगॉगच्या दाराशी येतो तेव्हा काय होते, हा आजचा विषय आहे. परक्याला थारा द्या, असे सर्व धर्म सांगतात. परंतु ज्या पेटीतून थारा द्यायचा ती पेटी भरते गल्लीतल्या माणसांच्या पैशांनी. आणि त्याच गल्लीत एखादी विधवा, एखादा आजारी कामकरी, एखादे पोरके मूल त्या पेटीकडे डोळे लावून बसलेले असते. मग त्या पेटीवर पहिला हक्क कोणाचा?

मी कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस आहे. धर्मशास्त्राच्या अंगाने या प्रश्नाचा निकाल देण्याचा माझा अधिकार नाही. इतिहास वाचतानाही माझी नजर आधी मजुरीच्या दराकडे आणि खोलीच्या भाड्याकडे जाते. त्या नजरेने पाहता जगातल्या एका वस्तीचा इतिहास मला फार बोधप्रद वाटला. ती वस्ती म्हणजे लंडन शहराच्या जुन्या तटाबाहेर पूर्वेला पसरलेला स्पिटलफील्ड्स, व्हाइटचॅपल आणि गोदीकडचा भाग. फ्रेंच विणकर, आयरिश हमाल, रशिया-पोलंडमधले ज्यू शिंपी आणि सिल्हेटचे बंगाली खलाशी असे एकामागून एक परके तेथे आले. प्रत्येकाबरोबर त्याची धर्ममंडळी आली, आणि “आधी घरचे की आधी दारचे” हा वाद प्रत्येक वेळी नव्याने झाला.

घरचा कोण, हे कसे ठरले?

परदेशी माणूस येण्यापूर्वीची हकीगत आधी सांगितली पाहिजे. इंग्लंडात पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव अथवा शहराचा भाग. १६०१ साली, एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्याने आपापल्या निराधारांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर टाकली. चर्चचे कारभारी आणि त्यांच्या जोडीला नेमलेले पंच घरमालकांवर पट्टी बसवीत आणि त्या पैशांतून विधवा, म्हातारे व पोरकी मुले यांना मदत देत. ही मोठी गोष्ट होती. भिकेऐवजी हद्दीतल्या गरिबाला एक प्रकारचा हक्क मिळाला.

पण हक्क आला की हद्द आली. १६६२ साली दुसरा कायदा झाला. कोणी नवखा माणूस पॅरिशमध्ये राहायला आला, त्याची जागा वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याची असली आणि पुढेमागे तो आपल्यावर भार होईल अशी शंका कारभाऱ्यांना आली, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येऊ लागले. ध्यानात घ्या, हा नवखा कोणी परदेशी नव्हता. त्याची भाषा तीच, धर्म तोच, राजाही तोच. तो नदीपलीकडच्या गावचा होता, एवढाच त्याचा अपराध. सर्वांत वाईट गत अविवाहित गरोदर स्त्रियांची झाली. मूल ज्या पॅरिशमध्ये जन्मेल तेथे त्याचा हक्क लागे. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला हद्दीबाहेर नेऊन सोडण्याची घाई होई.

या कायद्याचा काच शेवटी घरच्यांनाच बसला. गावात काम नाही आणि काम असलेल्या गावात पाऊल टाकायची चोरी, अशी मजुराची कोंडी झाली. अॅडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात या कायद्यावर कडक टीका केली, ती याच कारणासाठी. ‘आधी आपले’ हे तत्त्व एकदा हद्दीच्या रेघेवर टांगले की ती रेघ दिवसेंदिवस आत सरकते. आज परदेशी बाहेरचा, उद्या परजिल्ह्यातला बाहेरचा, परवा पलीकडच्या आळीतला बाहेरचा.

फ्रेंच विणकरांची मंडळी

आता परदेशी लोकांकडे वळू. १५५० साली सहाव्या एडवर्ड राजाने सनद देऊन परदेशी प्रॉटेस्टंटांना लंडनमध्ये स्वतःच्या प्रार्थनामंडळ्या चालवण्याची मुभा दिली. डच लोकांची मंडळी ऑस्टिन फ्रायर्स येथे आणि फ्रेंचांची थ्रेडनीडल स्ट्रीटवर भरू लागली. या मंडळ्यांनी आपल्या गरिबांचा भार आपण उचलायचा, इंग्रज पॅरिशवर तो पडू द्यायचा नाही, अशी त्यामागची अपेक्षा होती.

या अपेक्षेची खरी कसोटी १६८५ साली लागली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १५९८ सालचा नान्तचा फर्मान रद्द केला आणि तेथल्या प्रॉटेस्टंटांचे, म्हणजे ह्यूगनॉट लोकांचे, धर्मस्वातंत्र्य संपले. चाळीस ते पन्नास हजार माणसे काही वर्षांच्या अवधीत इंग्लंडात आली. ‘रेफ्यूजी’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला तो याच लोकांमुळे. त्यांतले रेशमाचे विणकर स्पिटलफील्ड्समध्ये वसले, कारण ती जागा शहराच्या तटाबाहेर होती आणि तेथे भाडे हलके होते.

मदत कशी झाली ते पाहा. राजाच्या आज्ञेने इंग्लंडभरच्या चर्चांतून आवाहने वाचली गेली आणि प्रार्थनेनंतर वर्गणी गोळा झाली. पैसा इंग्रज भाविकांचा आणि वाटप बहुतांशी फ्रेंचांच्या हातून, अशी व्यवस्था झाली. फ्रेंच मंडळीत येणाऱ्याने आपल्या धर्मनिष्ठेचा दाखला आणावा लागे. दाखला नसला तर पंचांपुढे उभे राहून खात्री पटवावी लागे. मदत वाटताना दर्जाही पाहिला जाई. सरदार घराण्यातला निर्वासित आणि मागावरचा निर्वासित यांची ताटे एका पंक्तीत मांडलेली नव्हती. तरी भुकेची सोय झाली. १६९० च्या सुमारास स्पिटलफील्ड्समध्ये एक सूपघर निघाले; तेथे गरीब कुटुंबांना सूप आणि भाकरी मिळे. १७१८ साली फ्रेंचांचे स्वतःचे रुग्णालय उभे राहिले.

मग इंग्रज विणकराची तक्रार काय होती? ती मजुरीची होती. १६८५ च्या आधीच, १६७५ च्या ऑगस्टमध्ये, लंडनच्या विणकरांनी फिती विणणारे नवे यंत्रमाग फोडले व जाळले. एका मागावर एक माणूस कित्येकांचे काम करतो आणि आपल्या पोटावर पाय येतो, हे त्यांचे दुःख होते. त्या रागात फ्रेंचांवरचा रागही मिसळलेला होता. कमी दराने कोण विणतो, हा त्यांचा प्रश्न. त्याला चर्चच्या सूपघराकडे उत्तर नव्हते, आणि असणेही शक्य नव्हते.

१७०९ साली याहून कठीण प्रसंग आला. जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या पॅलाटिनेट प्रांतातून सुमारे तेरा हजार दरिद्री शेतकरी लंडनमध्ये येऊन थडकले. ब्लॅकहीथच्या माळावर सैन्याचे तंबू ठोकून त्यांना ठेवले गेले. चर्चांतून पुन्हा वर्गणी झाली. परंतु थोड्याच दिवसांत वारा फिरला. आपल्या गरिबांना भाकरी नाही आणि परक्यांना तंबू, अशी हाकाटी सुरू झाली. त्यांच्यातल्या कॅथलिकांना परत पाठवण्यात आले. काही हजार आयर्लंडला आणि काही हजार १७१० साली न्यूयॉर्ककडे रवाना झाले. परदेशी प्रॉटेस्टंटांना नागरिकत्व सुलभ करणारा त्याच १७०९ सालचा कायदा तीन वर्षांच्या आत रद्द झाला.

ह्यूगनॉट रुजले आणि पॅलाटिन उखडले गेले, याचे कारण इंग्रजांचे मन तेवढ्यात बदलले असे नाही. माझ्या मते कारण साधे आहे. ह्यूगनॉटांपाशी शहरात चालणारा धंदा होता आणि त्यांना सांभाळून घेणारी, सव्वाशे वर्षे मुरलेली मंडळी होती. पॅलाटिन शेतकऱ्याच्या हातात नांगर आणि उभे राहायला माळ. एवढ्या लोकांना पुरेल अशी मंडळी नाही, जमीन नाही, काम नाही. दया होती तोवर तंबू टिकले.

आणि ह्यूगनॉट तरी केव्हा ‘घरचे’ झाले? त्याचे उत्तर मला एका फाशीच्या खांबाशी सापडते. १७६० नंतरच्या दशकात रेशमाच्या धंद्यात मंदी आली, मजुरी घसरली. विणकरांनी गुप्त मंडळे काढली, प्रत्येक मागामागे वर्गणी ठेवली, आणि जो मालक ठरलेल्या दराखाली विणवून घेई त्याच्या मागावरचे रेशीम रात्री कापून टाकायला सुरुवात केली. सरकारने दोघांना पकडले आणि ६ डिसेंबर १७६९ रोजी बेथ्नल ग्रीन येथे, विणकरांच्या वस्तीतच, ‘सॅमन अँड बॉल’ या गुत्त्यासमोर फाशी दिले. एकाचे नाव जॉन डॉइल, दुसऱ्याचे जॉन व्हॅलाइन. पहिले नाव आयरिश धाटणीचे, दुसरे फ्रेंच. ज्यांचे वाडवडील दोन वेगवेगळ्या दारांनी आत आले, त्यांना खांब एकच मिळाला.

चारच वर्षांनी, १७७३ साली, पार्लमेंटने कायदा करून विणकामाचे दर न्यायाधीशांनी ठरवून द्यावेत असे केले. हा कायदा १८२४ पर्यंत टिकला. त्याचे गुणदोष अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ चघळले आहेत. मला त्यातली एकच गोष्ट येथे सांगायची आहे. दर एक झाल्यावर, विणकराचा आजा फ्रान्समधून आला की नॉर्फोकमधून, हे विचारण्याचे मालकाला कारण उरले नाही आणि शेजाऱ्यालाही उरले नाही.

ज्यू मंडळ्यांतला घरगुती वाद

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हाच खेळ पुन्हा झाला, आणि या खेपेस तो एकाच धर्माच्या दोन थरांत झाला, म्हणून अधिक शिकवणारा आहे. लंडनमध्ये सुस्थितीतले ज्यू पूर्वीपासून होते. १८५९ साली शहरातल्या तीन सिनॅगॉगांनी मिळून गरीब-पालक मंडळ स्थापले. हे मंडळ कर्ज देई, मुलांना धंद्याला लावी, शिवणयंत्रे हप्त्याने मिळवून देई. काम नमुनेदार होते. १८८१ साली रशियाच्या झारचा खून झाला आणि त्या देशात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. तेव्हापासून १९१४ पर्यंत सव्वा ते दीड लाख ज्यू ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. त्यांतले बहुसंख्य या पूर्व भागात.

नव्याने आलेल्याने सहा महिने राहून दाखवावे, मग मदतीचा विचार करू, असा गरीब-पालक मंडळाचा नियम होता. आल्याबरोबर मदत दिली तर आणखी येतील, ही भीती. मंडळाने हजारो माणसांना परतीचे तिकीट काढून परत पाठवले. प्रमुख रब्बी नेथन अॅडलर यांनी १८८८ साली पूर्व युरोपातल्या रब्बींना लिहून, लोकांना इंग्लंडला येण्यापासून परावृत्त करा, अशी विनंती केली. ही माणसे निर्दय नव्हती. दोन पिढ्यांच्या कष्टांनी मिळवलेली प्रतिष्ठा आणि आपल्या गरिबांसाठी साठवलेली गंगाजळी नव्या लोंढ्यात वाहून जाईल, या काळजीने ती ग्रासलेली होती. शिवाय त्यांच्या समोरही ‘घरची’ कुटुंबे होतीच.

पण सहा महिने थांबायला पोट तयार नसते. व्हाइटचॅपलमध्ये सायमन कोहेन नावाचा एक बेकरीवाला होता. त्याने आपल्या जागेत बोटीवरून उतरलेल्यांना झोपायला जमीन आणि खायला पाव देण्यास सुरुवात केली. मंडळाच्या पाहणीत ती जागा आरोग्याला घातक ठरली आणि १८८५ साली ती बंद करण्यात आली. त्यावर वस्तीत संताप उसळला. तेव्हा हर्मन लँडाऊ, सॅम्युएल माँटेग्यू प्रभृती सधन मंडळींनी त्याच वर्षी रीतसर आश्रयगृह उघडले; पुढे ते लेमन स्ट्रीटवर स्थिर झाले. त्याचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. राहण्याची मुदत जास्तीत जास्त चौदा दिवस, दोन वेळचे जेवण, रोख पैसा कोणालाही नाही, आणि ज्याच्या गाठीला पैसे असतील त्याने पैसे भरावेत. आश्रयगृहाची माणसे गोदीवर जाऊन बोटीतून उतरणाऱ्यांना गाठत, कारण तेथे दलाल आणि लुटारू टपलेले असत.

श्रीमंतांच्या मोठ्या सिनॅगॉगात या नवख्यांना परके वाटे. त्यांनी आपापल्या गावच्या नावाने लहान लहान मंडळ्या काढल्या. त्यांना ‘हेवरा’ म्हणत. कारखान्यामागची एखादी खोली, तीसचाळीस कुटुंबे, आठवड्याची वर्गणी. आजारात मदत, मयताला मदत. माँटेग्यू यांनी १८८७ साली अशा मंडळ्यांचा संघ केला. मात्र एकाच हेवऱ्यात शिंपीकारखान्याचा मालक आणि त्याच्याकडे चौदा-सोळा तास राबणारा कारागीर शेजारी शेजारी बसून प्रार्थना करीत. गावबंधू म्हणून मालकाने थारा दिलेला असे, आणि त्याच उपकाराच्या ओझ्याखाली कमी मजुरीत राबवून घेतलेले असे. आश्रय आणि पिळवणूक एकाच छपराखाली नांदू शकतात, हे आपल्याकडच्या गावकीच्या खोल्या पाहिलेल्यांना समजावून सांगायला नको.

१६ मार्च १८८९ रोजी बेकार आणि पिळले गेलेले ज्यू कारागीर मिरवणुकीने मोठ्या सिनॅगॉगवर गेले. आमच्या दुर्दशेवर प्रवचन करा, एवढीच त्यांची मागणी. ती मानली गेली नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गोदी कामगारांचा प्रसिद्ध संप झाला आणि त्याच्या पाठोपाठ सहस्रावधी ज्यू शिंप्यांनी संप केला. मागणी होती बारा तासांच्या दिवसाची, आणि त्यातही जेवणाच्या व चहाच्या सुटीची. गोदीवाल्यांच्या संप समितीने आपल्या निधीतून या शिंप्यांना शंभर पौंड पाठवले. गोदीवाल्यांत आयरिश पुष्कळ. चाळीस वर्षांपूर्वी दुष्काळातून पळून आलेल्यांची ती मुले. त्यांच्या वतीने मध्यस्थी केली कार्डिनल मॅनिंग या एक्क्याऐंशी वर्षांच्या कॅथलिक धर्मगुरूने, आणि तासाला सहा पेन्सचा दर पदरात पडला. शिंप्यांच्या संपात माँटेग्यू यांनी समेट घडवला. धर्ममंडळीचा पुढारी आश्रयगृहाच्या दारातून बाहेर पडून मजुरीच्या प्रश्नापर्यंत आला, तो असा.

स्थानिकाच्या तक्रारीत तथ्य किती?

येथे स्थानिक इंग्रज कुटुंबाची बाजू नीट ऐकली पाहिजे. तिला अडाणी द्वेष म्हणून झटकणे अन्यायाचे होईल. त्यांची खरी तक्रार खोल्यांची होती. माणसे वाढली, घरे वाढली नाहीत. रेल्वे आणि गोदामे यांसाठी घरे पाडली गेली होती. घरमालकांनी भाडी चढवली, वर पागडी घेऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे उठून गेली आणि चर्चे ओस पडू लागली. १९०२ साली स्टेपनीचे बिशप कॉस्मो लँग यांनीही, परक्यांच्या लोंढ्याखाली इंग्रज वस्त्या बुडत आहेत, अशा अर्थाचे उद्गार काढले. आपला कळप पांगताना पाहणाऱ्या मेंढपाळाचे ते दुःख होते. पण भाडे कोण वाढवतो, हे त्यात आले नाही.

कामगार संघटनांचेही सोवळे नव्हते, हे मला सांगितलेच पाहिजे. ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसने १८९२, १८९४ आणि १८९५ साली परदेशी मजुरांना अटकाव करण्याच्या बाजूने ठराव केले. गोदी कामगारांचे पुढारी बेन टिलेट यांनी ज्यू कामगारांना सांगितले त्याचा भावार्थ असा, की तुम्ही आमचे भाऊ आहात, तुमच्याविषयीचे कर्तव्य आम्ही करू. पण तुम्ही आला नसता तर बरे झाले असते. गेटसभेत परप्रांतीय कंत्राटी कामगारांचा विषय निघतो तेव्हा हेच वाक्य मी आमच्याच सभासदांच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकले आहे. म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्याला समोरचा मजूर दिसतो. दर ठरवणारा कंत्राटदार दिसत नाही. ज्यू संघटनांनी १८९५ साली पत्रक काढून उत्तर दिले, की आम्ही आणलेल्या कामामुळे पूर्वी परदेशातून येणारे कपडे आता येथे शिवले जातात.

१९०१ साली ‘ब्रिटिश ब्रदर्स लीग’ निघाली. सरकारने आयोग नेमला. परके लोक सरकारी गरीबनिधीवर जगतात, हा आरोप आयोगापुढे टिकला नाही. दाटीवाटीची तक्रार मात्र खरी ठरली. तरी १९०५ साली कायदा झाला तो माणसे अडवण्याचा. घरे बांधण्याचा झाला नाही. हा कायदा करणाऱ्या हुजूर पक्षाच्या बाकांवर बेथ्नल ग्रीनचे प्रतिनिधी म्हणून १८९५ ते १९०६ पर्यंत कोण बसले होते? आपल्या मुंबईचे मंचरजी भावनगरी. परक्याला घरचे होण्यास किती काळ लागतो आणि घरचे झाल्यावर तो कोणत्या बाजूला बसतो, याचा काही नेम नाही!

भाड्याच्या प्रश्नाला हात घातला तो काही अंशी सिनॅगॉगांनीच. त्यांच्या चौकशी समितीच्या शिफारशीतून १८८५ साली एक बांधकाम कंपनी निघाली. भागधारकांनी चार टक्क्यांवर समाधान मानायचे आणि कामकऱ्यांना परवडतील अशा खोल्या बांधायच्या, असा तिचा बेत. मोठी धर्मादाय भाषणे जे करू शकली नाहीत ते त्या विटांनी थोडेबहुत केले.

कोकणची माणसे त्याच गोदीवर

या गोदीवर आपलीही माणसे होती. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर, गोव्याचे ख्रिस्ती खानसामे जेवणघरात. जहाज परत निघेपर्यंत हे लस्कर लंडनच्या थंडीत उघड्यावर पडत. त्यांच्यासाठी मिशनरी मंडळींच्या खटपटीने लाइमहाउस भागात १८५७ साली एक आश्रयगृह उघडले. महाराजा दुलीपसिंग यांनीही त्याला देणगी दिली होती. तेथे छप्पर होते, धर्मोपदेश होता, आणि लस्कराला पुन्हा जहाजावर चढवून मायदेशी धाडण्याची तजवीजही होती.

याच गोवेकर खलाशांनी मुंबईत स्वतःची व्यवस्था उभारली, ती धोबीतलाव, माझगाव भागातली ‘कूड’. एका गावची एक कूड. गावच्या संताची वेदी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, प्रत्येकाची एक पेटी आणि किरकोळ वर्गणी. जहाज मिळेपर्यंत तेथे माणूस राही. लंडनच्या हेवऱ्याची ही सख्खी बहीण. दोहोंचे बळ एकच आणि उणेही एकच. आपल्या गावच्या माणसासाठी दार अर्ध्या रात्री उघडते. शेजारच्या गावच्या माणसाला दुसरे दार शोधावे लागते.

एका इमारतीची चार दैवते

लंडनमध्ये ब्रिक लेन आणि फोर्नियर स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर एक इमारत आहे. १७४३ साली ह्यूगनॉटांनी ती चर्च म्हणून बांधली. १८०९ साली ती ज्यूंना ख्रिस्ती करू पाहणाऱ्या एका संस्थेकडे गेली, १८१९ मध्ये मेथडिस्टांचे प्रार्थनागृह झाली. १८९८ साली तेथे रशियातून आलेल्या कर्मठ ज्यूंचे सिनॅगॉग सुरू झाले. १९७६ पासून ती मशीद आहे. तेथे नमाज पढणाऱ्यांत मुख्य भरणा मूळच्या सिल्हेटकडच्या बांगलादेशी कुटुंबांचा. त्यांच्यातले पहिले आले ते जहाजांचे खलाशी म्हणूनच. प्रत्येक मंडळी काही पिढ्या तेथे गरीब म्हणून राहिली, बरी स्थिती आल्यावर दुसरीकडे गेली आणि आपली जागा नव्या गरिबाला देऊन गेली. त्या भिंतींना कायमचा घरचा असा कोणीच माहीत नाही.

याचा अर्थ वाद संपले असा नाही. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली हा कपड्याच्या कारखान्यातला तरुण बंगाली कामगार घरी जाताना वंशद्वेषातून मारला गेला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याची शवपेटी पुढे घेऊन पंतप्रधानांच्या निवासस्थानाकडे चालत गेले. ज्या पांढऱ्या चर्चमुळे व्हाइटचॅपलला नाव पडले, त्या सेंट मेरी पॅरिशच्या चर्चच्या आवारालगत हा खून झाला. चर्च १९४० च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते. ते आवार आता बाग आहे, आणि १९९८ पासून तिला अल्ताब अलीचे नाव आहे. जी पॅरिश एके काळी नदीपलीकडच्या इंग्रजालाही हद्दीबाहेर काढू शके, तिच्या भूमीवर आज एका बंगाली कामगाराचे नाव आहे.

तात्पर्य

मित्रहो, या साऱ्या हकिगतीतून मला जे दिसते ते थोडक्यात मांडतो. पहिल्या रात्रीची भाकरी आणि छप्पर यांत घरचा-दारचा भेद करू नये. लेमन स्ट्रीटच्या आश्रयगृहाप्रमाणे मुदत ठेवावी, पण दार उघडे ठेवावे. मुदतीनंतरची मदत गरजेच्या एकाच यादीने द्यावी, आणि त्या यादीत गल्लीतली विधवा व बोटीवरून उतरलेली विधवा एकाच रकान्यात असाव्यात. दोन याद्या केल्या की दोघींची भांडणे लागतात, आणि तेवढ्या वेळात भाडे वाढवणारा निवांत असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की धर्ममंडळीची पेटी कितीही भरली तरी तिने हा वाद मिटत नाही. कारण हा वाद मुळात पेटीचा नाहीच. तो दराचा आणि भाड्याचा आहे. स्पिटलफील्ड्सचा विणकर आणि फ्रेंच निर्वासित यांचे वैर सूपघराने घालवले नाही. ते विरत गेले ते दोघांची मजुरी एक झाल्यावर. १८८९ साली शंभर पौंड पाठवणाऱ्या गोदी कामगाराने ते दान म्हणून पाठवले नव्हते. शिंप्याचा दर पडला तर उद्या आपलाही पडेल, हे त्याला कळले होते. आणि त्याची परतफेड १९१२ साली झाली. त्या वर्षी ज्यू शिंप्यांचा संप यशस्वी झाला, पण गोदीवाल्यांचा संप चिघळला आणि त्यांची मुले उपाशी पडू लागली. तेव्हा ज्यू कुटुंबांनी तीनशेहून अधिक मुले आपल्या घरी नेऊन ठेवली, जेवू घातली, त्यांना कपडे आणि बूट दिले. कोणत्याही सिनॅगॉगच्या ठरावाने हे झाले नाही. सात वर्षांपूर्वी ज्यांना अडवण्यासाठी कायदा झाला होता, त्यांच्याच घरांत इंग्रज आणि आयरिश गोदीवाल्यांची मुले जेवली.

तेव्हा कोणी आपल्याला विचारले, की आधी घरचे की आधी दारचे, तर उत्तर देण्यापूर्वी आपणही एक प्रश्न विचारावा : घरात थोडे का झाले, आणि ते कोणी केले? म्हणीतल्या यजमानाने घोड्याला दोष दिला, व्याह्याला दोष दिला. कोठार कोणी रिकामे केले, याची चौकशी मात्र केली नाही. ती चौकशी करण्याचे काम संघटनेचे आहे, आणि देवळाच्या, चर्चच्या, मशिदीच्या पायरीवर बसणाऱ्यांनीही ते आपले मानायला हरकत नाही.